‘लढाई बघितली न्हाईस, आन् लढाईवर लिवतीस व्हय?’

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारी सव्वीस वर्षांची, मूळ गाव शिरोळ तालुक्यातलं, राहणं कोल्हापुरात. राज्यशास्त्रात एम.ए., नेट झालेली, जेआरएफ म्हणजे संशोधनासाठीची सरकारी फेलोशिपही मिळालेली. आंतरराष्ट्रीय सुरक्षा आणि सशस्त्र संघर्ष या क्षेत्रात पीएच.डी. करायची आहे. भारतानं १९८७ मध्ये श्रीलंकेत शांतिसेना पाठवली, त्यावर काम करावं असं मनात आहे. वडील सुभेदार म्हणून निवृत्त झाले. ऐन विशीत ते त्या शांतिसेनेत होते, पण लंकेचा विषय त्यांनी घरात कधी काढला नाही. मुलीचा विषय ऐकल्यावर मात्र म्हणाले, ‘लढाई बघितली न्हाईस, आन् लढाईवर लिवतीस व्हय?’ आणि ताटावरून उठून गेले. गाईड म्हणतात, ‘भारत-श्रीलंका संबंध : एक चिकित्सक अभ्यास’ असा सुटसुटीत विषय घे आणि तीन वर्षांत मोकळी हो. दिल्लीतल्या एका संशोधन संस्थेत सहा महिन्यांची इंटर्नशिप मिळते आहे, पण मानधनातून खोलीभाडंही निघणार नाही. काका म्हणतात एमपीएससी कर. तिचे प्रश्न तीन. युद्ध न पाहिलेल्यानं युद्धावर लिहावं का? कोल्हापुरात बसून जगाच्या सुरक्षेवर संशोधन करणं हास्यास्पद नाही का? आणि एवढं करून त्याचा कुणाला उपयोग? शेवटी ता.क. म्हणून एक ओळ आहे : वडिलांच्या ट्रंकेत त्या दिवसांतली वही सापडली, दोन पानं वाचली, होती तशी ठेवली, कुणाला सांगितलं नाही.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, नेहमीचा करिअरचा पेच आहे. ता.क. वाचलं आणि परत वरपासून सुरुवात केली. त्या ओळीकडे मी शेवटी येते, कारण तूही ती शेवटीच लिहिलीस.

आधी बाबांचं वाक्य. तू ते नकार म्हणून ऐकलंस. मला तो प्रश्न वाटतो, आणि चांगला प्रश्न आहे. तुझ्या मौखिक परीक्षेला बाहेरून येणारा परीक्षकही तोच विचारणार आहे, फक्त त्याची भाषा पुस्तकी असेल. त्यामुळे उत्तर आत्तापासूनच तयार ठेव.

उत्तर शोधायला लांब जायला नको. १९९९ चं कारगिल घे. तोलोलिंगवर चढणाऱ्या जवानाला आपल्यासमोरची कड दिसत होती. एवढी माणसं वर येऊन बंकर बांधून बसेपर्यंत आपल्याला कळलं कसं नाही, हे त्याला तिथून दिसणं शक्य नव्हतं. ते शोधायला २९ जुलै १९९९ रोजी सरकारनं समिती नेमली. चार माणसं होती. के. सुब्रह्मण्यम हे सनदी अधिकारी, बी. जी. वर्गीज पत्रकार, सतीश चंद्र परराष्ट्र सेवेतले आणि लेफ्टनंट जनरल के. के. हजारी. चौघांत एकच फौजी. त्यांचा अहवाल पुढच्या वर्षी फेब्रुवारीत संसदेपुढे आला, काही भाग गाळून का होईना. लढलेल्या माणसाला त्याची टेकडी जेवढी माहीत असते तेवढी या चौघांना माहीत नव्हती. आणि चौघांनी गोळा केलेली कागदपत्रं टेकडीवरच्या माणसानं पाहिलेली नव्हती. दोन्ही माहिती खऱ्या, दोन्ही अपुऱ्या. बाबांना त्यांची टेकडी ठाऊक आहे. ती त्यांच्याकडून काढून घ्यायला तू निघालेली नाहीस, हे त्यांना कुणी सांगितलंय का?

युद्धाचा हिशेब मांडणाऱ्यांत एक माणूस मला फार आवडतो. लुईस फ्राय रिचर्डसन हा इंग्रज, क्वेकर पंथाचा, म्हणजे शस्त्र हाती धरणं धर्मातच बसत नाही. पहिल्या महायुद्धात तो फ्रान्सच्या आघाडीवर जखमींची रुग्णवाहिका चालवत होता. आणि फावल्या वेळात, गवताच्या ढिगावर बसून, हवामानाचा अंदाज गणितानं काढता येतो का याची आकडेमोड करत होता. लढाईच्या गडबडीत त्याचं हस्तलिखित हरवलं आणि काही महिन्यांनी कोळशाच्या ढिगाखाली सापडलं. हवामान खातं विमानदलाच्या मंत्रालयाखाली गेलं तेव्हा त्यानं १९२० मध्ये नोकरी सोडली, आणि पुढं उरलेल्या आयुष्यात बराच काळ एकाच प्रश्नामागं लागला : माणसं एकमेकांना किती वेळा, किती संख्येनं मारतात? खुनापासून महायुद्धापर्यंतच्या सगळ्या ‘भांडणां’ची त्यानं मेलेल्यांच्या संख्येनुसार प्रतवारी लावली. शेजारी देशांची सीमा जितकी लांब तितकी भांडणं जास्त होतात का, हेही तपासायला गेला, तर स्पेन म्हणतो आमची पोर्तुगालशी सीमा ९८७ किलोमीटर आणि पोर्तुगाल म्हणतो १२१४! पट्टी जितकी लहान घ्यावी तितकी सीमा लांब होते, हे त्याच्या लक्षात आलं. गंमत बघ, युद्धाचा अभ्यास करता करता गणिताला एक नवं कोडं मिळालं.

सांगायचं एवढंच, की रिचर्डसननं लढाई जवळून पाहिली होती, पण त्याला जे कळलं ते पाहिल्यामुळं कळलं नाही, मोजल्यामुळं कळलं. आणि न पाहता मोजलं असतं तर मोजावं कशाला, हे कदाचित सुचलं नसतं. तुझ्या घरात पाहिलेला माणूस आहे. तू मोजणारी. यात भांडण कुठं आहे ते मला दिसत नाही.

मोजण्यावरून आठवलं. या क्षेत्रात सगळ्यात आधी व्याख्यांशी दोन हात कर, कारण बाबांच्या प्रश्नाचा गाभा तिथंच आहे. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाची सशस्त्र संघर्षांची नोंद जगभर वापरली जाते. त्यांच्या व्याख्येत सत्तेवरून किंवा प्रदेशावरून झगडा हवा, दोहोंपैकी किमान एक बाजू सरकार हवी, आणि एका वर्षात लढाईत किमान २५ माणसं मेलेली हवीत. तेव्हा तो ‘संघर्ष’. हजार झाली की ‘युद्ध’. मी पहिल्यांदा हे वर्गात सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरचा गडहिंग्लजचा एक मुलगा म्हणाला, ‘मॅडम, मंग चोवीस मेली तर काय जत्रा म्हणायची?’ वर्ग हसला. मी मात्र त्या दिवशी घरी जाऊन बराच वेळ विचार करत बसले. रेघ कुठंतरी ओढावीच लागते, नाहीतर तुलनाच करता येत नाही. पण रेघेच्या अलीकडं राहिलेले चोवीसजण कुणाचेतरी असतात, हे विसरून जो आकडे वापरतो त्याच्याविषयी बाबांचा टोमणा खरा आहे.

आणि रेघेचे परिणाम मोठे असतात. पाश्चात्त्य विद्यापीठांत एक सिद्धांत फार मानाचा आहे, लोकशाही देश एकमेकांशी युद्ध करत नाहीत. त्याच्या वाटेतला काटा म्हणजे कारगिल. १९९९ च्या उन्हाळ्यात दिल्लीत आणि इस्लामाबादेत दोन्हीकडं निवडून आलेली सरकारं होती. आपले ५२७ जवान गेले. दोन्ही बाजूंचे मिळून हजाराच्या वर धरले, तर अमेरिकेत तयार झालेल्या प्रसिद्ध युद्धयादीत कारगिल बसतं, आणि सिद्धांताला अपवाद मिळतो. मग कुणी म्हणतं पाकिस्तानात खरी लोकशाही नव्हतीच, कुणी म्हणतं लष्करानं सरकारला अंधारात ठेवलं. वाद अजून मिटलेला नाही. आपल्याकडच्या ज्या लढाईला चौकाचौकांत फलक लागतात, ती तिकडच्या प्राध्यापकांना अडचणीचा आकडा होऊन बसली आहे. तिथं बोलायला आपल्याकडचा कुणी नको का?

यावरून तुझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे. ‘कोल्हापुरात बसून’ असं लिहिताना तुझ्या मनात कोल्हापूर म्हणजे मिसळ, कुस्ती आणि अंबाबाई, आणि युद्ध म्हणजे नकाशावरची लांबची ठिकाणं, अशी विभागणी दिसते. आपण साडी घ्यायला गांधीनगरला जातो ना? शेजारच्या वळिवड्याला १९४३ पासून पाचएक हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत सत्तेनं त्यांना घरातून उचलून सायबेरियाकडे पाठवलेलं, तिथून इराणमार्गे ते इथं आले आणि १९४८ पर्यंत राहिले. महावीर उद्यानात त्यांचं स्मारक आहे; पोलंडच्या राजधानीत वॉर्सातही कोल्हापूरचं स्मारक आहे. ते गेले आणि त्याच बराकींत फाळणीनं उखडलेले सिंधी आले, त्यांचं गांधीनगर झालं. दोन वेगळ्या खंडांतल्या दोन उलथापालथी एकाच वसाहतीत लागोपाठ नांदल्या. निर्वासितांच्या अभ्यासात यापेक्षा चांगलं उदाहरण दिल्लीत बसून सापडणार नाही.

आणि सुरक्षा धोरण म्हणशील तर राज्यकारभारावरचं १७१५ चं आज्ञापत्र करवीरच्याच दरबारातलं. रामचंद्रपंत अमात्य त्यात ‘संपूर्ण राज्याचे सार ते दुर्ग’ म्हणतात ते सगळ्यांना पाठ असतं. पण मला त्यातला टोपीकरांविषयीचा, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांविषयीचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो : हे व्यापारी इतर सावकारांसारखे नाहीत, यांच्या पाठीशी यांचे राजे आहेत, किनाऱ्यावर यांना कायमची जागा देऊ नका. व्यापार आणि राष्ट्रीय सुरक्षा यांचं नातं आज बंदरांवरून आणि मोबाइल नेटवर्कवरून चर्चिलं जातं, तोच हा प्रश्न आहे. (आपल्याकडे आज्ञापत्र मराठीच्या पेपरात येतं, राज्यशास्त्राच्या येत नाही. हा माझा जुना राग आहे, असो.)

दिल्लीचं महत्त्व मी नाकारत नाही. आपल्या कराडचे यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना १९६५ मध्ये दिल्लीत संरक्षण अभ्यासाची जी राष्ट्रीय संस्था निघाली तिचं ग्रंथालय, तिथली माणसं, अभिलेखागार, हे सगळं तुला लागेल. पण ते महिना-दीड महिन्याच्या दोन फेऱ्यांत होण्यासारखं काम आहे. सहा महिने भाडं भरून दुसऱ्याच्या पेपरच्या तळटिपा दुरुस्त करायची गरज नाही. उप्सालाचा डेटा फुकट उतरवता येतो. स्टॉकहोमची १९६६ पासूनची शस्त्रव्यापारावर लक्ष ठेवणारी संस्था आहे, तिचाही. ऑस्लोची शांतता संशोधन संस्था १९५९ ची, तिच्या बऱ्याच गोष्टी खुल्या आहेत. शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून हे सगळं दिसतं. ओळखी व्हायला दिल्ली हवी हे खरं; पण विषय पक्का झाल्यावर गेलीस तर तू लोकांना प्रश्न विचारशील, आधी गेलीस तर लोक तुला कामं सांगतील.

तुझी खरी पुंजी तू पत्रात मोजलेलीच नाहीस, ती म्हणजे मराठी. संघर्षांच्या या जागतिक नोंदी मोठ्या प्रमाणात बातम्यांवरून होतात, आणि नोंद करणारा माणूस बहुतेक वेळा इंग्रजी बातमी वाचतो. गडचिरोलीत घडलेलं मराठी दैनिकाच्या जिल्हा पानावर चार ओळीत येतं आणि इंग्रजीत येतच नाही, असं किती वेळा होत असेल? हे तपासणं हा एक अख्खा प्रबंध आहे. तुला नको असेल तर हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणी घ्यावा, मी आनंदानं देते. फक्त एक पथ्य : जिथं संघर्ष चालू आहे तिथं संशोधकाच्या वहीतलं एक नाव एखाद्याच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून सुरुवात छापील कागदापासून करावी.

आता उपयोग. इथं मी तुला गोड बोलणार नाही. कारगिलनंतर मंत्रिगटानं २००१ मध्ये तिन्ही दलांसाठी एक संरक्षण दलप्रमुख असावा अशी शिफारस केली. पहिले प्रमुख, जनरल बिपिन रावत, खुर्चीत बसले १ जानेवारी २०२० ला. एवढं मोठं युद्ध, एवढे मोठे मंत्री, तरी जवळजवळ एकोणीस वर्षं. १९६२ च्या पराभवावरचा हेंडरसन ब्रूक्स-भगत अहवाल १९६३ चा, सरकारनं तो अजून खुला केलेला नाही. रिचर्डसनला तर युद्धांवरच्या कामासाठी हयातीत प्रकाशक मिळाला नाही; तो १९५३ मध्ये गेला आणि पुस्तक १९६० मध्ये आलं. तेव्हा ‘माझा प्रबंध वाचून धोरण बदलेल’ हे डोक्यातून काढ. प्रबंधाचं काम वेगळं असतं. पुढच्या वेळी दिल्लीत कुणी म्हणालं, ‘शेजारच्या देशात फौज पाठवू, चार महिन्यांत परत आणू’, तर त्याच्यापुढं ठेवायला कुणीतरी नीट तपासलेला कागद कपाटात असायला हवा. तो कपाटातून काढला जाईल की नाही हे तुझ्या हातात नाही.

आता विषयाकडे. गाईड चुकीचे आहेत असं मी म्हणणार नाही, आणि तूही म्हणू नकोस. ते तीस प्रबंध अर्धवट राहिलेले बघून बोलतात. ‘चिकित्सक अभ्यास’ मात्र मला चालत नाही, कारण त्यात प्रश्नच नाही. प्रश्न काय असू शकतो ते बघ. २९ जुलै १९८७ ला कोलंबोत राजीव गांधी आणि जयवर्धने यांचा करार झाला. दुसऱ्याच दिवशी मानवंदना घेताना श्रीलंकेच्या एका नौसैनिकानं राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता उगारला, म्हणजे स्वागत कसं होतं ते कळलंच. श्रीलंकेचं सरकार आणि तमिळ बंडखोर यांच्यातली यादवी थांबवायला केलेल्या या करारात भारत जामीन होता. यादवी युद्धावरच्या संशोधनात एक मत असं आहे की बंडखोर शस्त्रं टाकायला घाबरतात, कारण टाकल्यावर सरकार उलटलं तर वाचवणार कोण? म्हणून मध्ये तिसरा भक्कम जामीन लागतो. लंकेत ऑक्टोबर येईपर्यंत जामीनच एका बाजूशी, तमिळ बंडखोरांशी, लढायला लागला. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली तोवर आपले सुमारे बाराशे जवान गेले होते. जामीनदार पक्षकार कधी आणि कसा होतो? हा प्रश्न आहे. यावर जगात कुठंही चार माणसं तुझं ऐकायला बसतील.

पण यात एक मोठी अडचण आहे. तुला तमिळ येत नाही. तमिळ न येता जाफन्यावर, म्हणजे लंकेच्या उत्तरेकडच्या तमिळ भागावर, लिहिलंस तर ती भारताची बाजू होईल, अभ्यास होणार नाही. ऑक्टोबर १९८७ मध्ये जाफन्याच्या रुग्णालयात डॉक्टर, परिचारिका, रुग्ण मारले गेले. भारतीय बाजू म्हणते, चकमकीत सापडले. तिथल्या तमिळ लोकांच्या आठवणीत तो दिवस सरळ शांतिसेनेच्या नावावर लिहिलेला आहे. सैनिकाच्या मुलीला ही दोन्ही वाक्यं एकाच पानावर लिहिता यायला हवीत, आणि दुसरं वाक्य लिहिताना हात आखडता घेता येणार नाही. तुझी तयारी आहे का, हे दिल्ली की कोल्हापूर यापेक्षा मोठं आहे. तयारी असेल तर दोन वर्षं तमिळ शिक. तंजावरला मराठे जाऊन राज्य करून राहिले, तुला भाषा शिकणं काय अवघड!

तेवढा वेळ नसेल तर विषय घराजवळ आण. १९८७ ते ९० या काळात सैनिकी गावांना हे युद्ध कसं कळलं? तुझ्या तालुक्यात सैनिक टाकळी आहे, पिढ्यान्‌पिढ्या फौजेत माणसं देणारं गाव. ५६ एपीओच्या, म्हणजे फौजी टपालाच्या पत्त्यावर गेलेली पत्रं, मनीऑर्डरी, तार घेऊन आलेला पोस्टमन. पोरगा शांतिसेनेत गेलाय म्हणजे शांतता राखायला गेलाय, असं समजणाऱ्या घरांना तिथं लढाई चाललीय हे कधी, कुणाकडून कळलं? दूरच्या हस्तक्षेपाची किंमत लोकशाही देशात घरच्यांपर्यंत कशी पोचते आणि तिथून राजकारणात कशी शिरते, किंवा शिरतच नाही, हा या शास्त्रातला पक्का, चालू प्रश्न आहे. त्याचं उत्तर मराठीत बोलणाऱ्या सत्तरीतल्या बायकांकडं आहे, आणि त्या बायका तुझ्याशी बोलतील. मिशीवाल्या संशोधकाला चहा पाजून वाटेला लावतील. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून सुरुवात कर, त्या वर्षांच्या ‘पुढारी’, ‘सत्यवादी’च्या फायलींची चौकशी करवीर नगर वाचन मंदिरापासून कर. फार वर्षं थांबू नकोस. या साक्षीदारांचं वय वाढतंय.

सरकारी कागदांचा भरवसा धरून आराखडा करू नकोस. नियमानं २५ वर्षांनी कागद खुले व्हायला हवेत, संरक्षण मंत्रालयानं २०२१ मध्ये तसं धोरणही जाहीर केलं. मिळाले तर सोन्याहून पिवळं. प्रबंध मात्र त्यांच्याशिवाय उभा राहील असाच आख.

पैशाचं चटकन सांगते. जेआरएफचे महिन्याला ३७,००० रुपये म्हणजे कोल्हापुरात घरी राहून चांगले पैसे आहेत, दिल्लीत नाहीत. जेआरएफच्या पत्राला मुदत असते, ती आधी बघ. आणि काकांना सांग, एमपीएससी कुठं पळून जात नाही. प्रबंध फसला तर राज्यशास्त्राची तयारी वाया जाणार नाही. ज्यांना फेलोशिप नाही अशा वाचकांनी मात्र नोकरी सोडून या क्षेत्रात उडी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत. अर्धवेळ पीएच.डी. करता येते, आणि युद्धं तोवर संपणार नाहीत, दुर्दैवानं.

गाईडकडे जाशील तेव्हा एक पान घेऊन जा. वर एक वाक्य, प्रश्नचिन्हानं संपणारं. खाली कुणाशी बोलणार, कुठले कागद, काय हाती लागलं तर तुझं मत चुकीचं ठरेल. हे शेवटचं लिहायला कुणी सांगत नाही, पण गाईडचा विश्वास त्यानंच बसतो. शीर्षक त्यांना हवं तसं ठेवू दे. शीर्षकावर भांडण्यात एक वर्ष घालवलेले मी पाहिलेत.

आता ता.क.

माझे आजोबा पहिल्या महायुद्धात इराकमधल्या बसऱ्याला गेले होते. परत आले ते साठच्या दशकात जाईपर्यंत त्याबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. घरात त्या युद्धाची एकच खूण होती : ते खजूर खात नसत. उपासालाही नाही. कुणी आणला तर उठून परसात जात. पुढं कॉलेजात शिकवताना मी इराकमधल्याच कुत गावाच्या वेढ्याविषयी वाचलं. १९१६ च्या एप्रिलमध्ये उपासमारीनं शरण आलेल्या त्या सैन्यात मराठा पलटणी होत्या. मला वाटलं, सापडलं उत्तर! कितीतरी वर्षं मी ते उत्तर लोकांना सांगत फिरले, छान गोष्ट म्हणून. मग एकदा आत्या म्हणाली, ‘अगं, ते कुतात नव्हतेच. ते मागं बसऱ्याच्या धक्क्यावर होते, हमालीला.’ खजुराचं काय ते तिलाही माहीत नव्हतं. मी एका गप्प माणसाच्या तोंडात माझं वाचन घातलं होतं.

म्हणून त्या वहीबद्दल सांगते. ती प्रबंधात येणार नाही. तिचा संदर्भ नाही, तिच्यावरून सुचलेला प्रश्नही दुसऱ्या कुणाला विचारून खात्री केल्याशिवाय नाही. तू ज्यांच्या मुलाखती घेशील त्या प्रत्येकाला आधी मराठीत लिहिलेला संमतीचा कागद वाचून दाखवशील, कधीही थांबा म्हणायचा हक्क देशील, तुकडीच्या हालचालींचे तपशील टाळशील, कारण १९२३ चा गोपनीयतेचा कायदा अजून लागू आहे. मग ज्या एका माणसाची तू संमती घेतली नाहीस तो तुझा बाप असावा, हे बरं दिसतं का? बाबांना मुलाखतींच्या यादीतून वगळ. प्रस्तावनेत एका ओळीत लिही की लेखिकेचे वडील त्या सेनेत होते आणि त्यांची मुलाखत घेतलेली नाही. वाचणाऱ्याला तू कुठं उभी राहून लिहितेस ते कळेल, आणि बाबांनाही कळेल की त्यांना सोडलंय.

आणि वाचलेलं त्यांना सांग. लवकर. ‘दोन पानं वाचली, चुकलं’ एवढंच. त्या दोन पानांत काय होतं ते विचारू नकोस, काय कळलं ते सांगू नकोस. ते चिडतील. चिडू दे. ट्रंकेला कुलूप लागेल कदाचित. ते लावायचा हक्क त्यांचा आहे. आजवर त्यांना वाटत होतं की पोरगी लंकेवर लिहिणार म्हणजे माझ्यावर लिहिणार. ती भीती गेली तर ताटावरून उठायचं कारण उरणार नाही. बोलतीलच असं मात्र धरून चालू नकोस. माझे आजोबा नाही बोलले.

घरात, आईसमोर, जेवताना नको. तू पत्रात लिहिलंस की बाबा रोज पहाटे रंकाळ्याला फेरी मारतात. तू बरोबर जातेस की नाही ते लिहिलं नाहीस.